दूरच्या वर्गातला जवळचा शिक्षक

कॅथलिक चर्चने धर्मशिक्षण दूरवर कसे पोहोचवले, हा इतिहास बहुतेक वेळा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी टपाल, मग रेडिओ, मग दूरचित्रवाणी आणि आता संगणक. या मांडणीत यंत्र पुढे सरकते आणि माणूस त्याच्यामागे चालत राहतो. पण या प्रयोगांच्या खोलात गेल्यावर दिसते ते वेगळेच. एकाच काळात, एकाच प्रकारचे यंत्र हाताशी असताना काही ठिकाणी धर्मशिक्षण मूळ धरते आणि काही ठिकाणी ते नुसते प्रक्षेपण होऊन हवेत विरते. हा फरक यंत्राने पडत नाही. शिकवणारा कोण होता, कुठल्या घरातून आला होता, त्याने आधी काय काम केले होते आणि शिकणाऱ्याशी त्याचे नाते काय होते, यावर तो ठरतो. माझे म्हणणे असे की कॅथलिक दूरशिक्षण जिथे जिथे टिकले, तिथे त्याचा कणा मोठ्या सेमिनरीतला धर्मपंडित नव्हता. तो कणा होता परिघावर वाढलेला, ते अंतर स्वतः भोगलेला माणूस. आणि त्याच्या पार्श्वभूमीने केवळ शिकवण्याची पद्धतच नव्हे, तर शिकवण्याचा आशयही बदलला.

मुळात ही गरज का निर्माण झाली, ते आधी पाहू. कॅथलिक धर्मजीवन संस्कारांभोवती उभे असते, आणि प्रथम कम्युनियन किंवा दृढीकरण घेण्याआधी मुलाला श्रद्धेचे मूलभूत ज्ञान असावे लागते. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली ‘आचेर्बो निमिस’ या परिपत्रकातून प्रत्येक धर्मग्रामात मुलांना नियमित धर्मशिक्षण देण्याचा आग्रह धरला. हा आदेश युरोपातल्या दाट वस्तीच्या धर्मग्रामांना पेलणारा होता. तिथे चर्च, शाळा आणि मठ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. पण कॅनडाच्या गवताळ प्रदेशात, अमेरिकेच्या पश्चिमेकडील पशुपालनाच्या मुलखात किंवा ऑस्ट्रेलियाच्या झुडपी रानात एका धर्मगुरूच्या वाट्याला शेकडो मैलांचा प्रदेश येई. तो महिन्या-दोन महिन्यांनी येणार, कुणाच्या तरी घरात किंवा गावच्या सभागृहात मिस्सा अर्पण करणार आणि पुढच्या वस्तीकडे निघणार. कॅटेकिझम शिकवायला त्याच्याकडे वेळ कुठून असणार? धर्मभगिनींचे मठ शहरांत होते. बऱ्याच संघांच्या नियमांनुसार सिस्टरांनी समूहाने, मठात राहायचे असे. त्यामुळे एकट्या-दुकट्या शेतघरापर्यंत त्या पोहोचूच शकत नव्हत्या.

१९२०च्या दशकात या कोंडीवर टपालाचा उपाय निघाला. तो काढणारी माणसे कोण होती, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या यूजीन गावी फादर एडविन ओहारा धर्मगुरू होते. ते मिनेसोटातल्या लेन्सबरोजवळच्या शेतकरी कुटुंबात वाढलेले, आयरिश स्थलांतरितांचे पुत्र. ग्रामीण कॅथलिकांकडे चर्चचे लक्ष नाही, ही खंत त्यांच्या सगळ्या कामामागे होती. १९२३ साली राष्ट्रीय कॅथलिक ग्रामजीवन परिषद त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. शेतावरच्या मुलांसाठी टपालाने धर्माचे पाठ आणि उन्हाळी सुटीत धर्मशाळा या दोन्ही गोष्टी त्यांनी जोडीने चालवल्या. जवळपास त्याच सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थ येथे, आयर्लंडमधून आलेल्या फादर जॉन मॅकमहन यांनी रानातल्या मुलांसाठी पत्राने धर्मशिक्षणाची योजना सुरू केली. तिथल्या सरकारने दूरच्या मुलांसाठी टपालाची शाळा आधीच चालवली होती, म्हणजे पत्राने शिकणे ही तिथल्या घरांना परकी गोष्ट नव्हती. ओहारा आणि मॅकमहन दोघेही उच्चशिक्षित होते हे खरे. पण त्यांच्या योजनेला आकार दिला तो ग्रामीण प्रश्नाच्या जिवंत जाणिवेने.

कॅनडातले उदाहरण तर याहून बोलके आहे. कॅथरीन डॉनेली १८८४ साली ओंटारियोतल्या अ‍ॅलिस्टनजवळच्या शेतकरी घरात जन्मली. आईच्या मृत्यूनंतर धाकट्या बहिणींची जबाबदारी तिच्यावर आली आणि तिने गावोगावच्या शाळांत शिक्षिकेची नोकरी केली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती अल्बर्टात शिकवायला गेली. युरोपातून आलेली स्थलांतरित कुटुंबे तिथे शाळेपासून आणि चर्चपासूनही तुटून राहत होती, हे तिने तिथे पाहिले. प्रचलित मठजीवनात या लोकांपर्यंत जाण्याची सोय नाही, हे तिच्या ध्यानात आले. तेव्हा रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंच्या साहाय्याने तिने १९२२ साली टोरांटोत ‘सिस्टर्स ऑफ सर्व्हिस’ हा नवा संघ उभारला. या सिस्टरांनी पारंपरिक झगा आणि डोक्यावरचे आवरण टाळून साधा राखाडी पोशाख घेतला. दोघी-तिघींच्या गटाने गावातल्या घरात राहून त्या सरकारी शाळांतही शिकवू लागल्या. पुढे याच संघाने धर्मशिक्षणाच्या टपाल-शाळा चालवल्या. एका गावातल्या शिक्षिकेने आपल्या नोकरीच्या अनुभवातून व्रतस्थ जीवनाचा साचाच बदलला, आणि त्या बदललेल्या साच्यातून दूरशिक्षण शक्य झाले. हा क्रम उलटा लावून पाहा. आधी टपालाची कल्पना आणि मग तिला साजेशा सिस्टर, असे झालेलेच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातही हेच दिसते. १९३३ साली फादर जॉन वॉलिस हे नवदीक्षित धर्मगुरू ब्रूनी बेटावर गेले असता किट हॉकिन्स नावाच्या तिथल्या एका आईने त्यांना रोकडा सवाल केला, की रानात राहणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी आणि आमच्या मुलांसाठी कुणी काही का करत नाही? वॉलिस स्वतः व्हिक्टोरियातल्या यी या लहान गावचे. त्यांनी तो सवाल मनावर घेतला आणि १९४४ साली लॉन्सेस्टन येथे मिशनरी सिस्टर्सचा नवा संघ सुरू झाला. या सिस्टर मोटार आणि कॅरव्हॅन घेऊन वस्त्यांवर फिरत आणि मधल्या काळात मुलांना टपालाने पाठ पाठवत. या संघाच्या इतिहासात पहिला शब्द एका बेटावरच्या गृहिणीचा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दूरशिक्षणाची मागणी वरून खाली आली नाही. ती खालून वर गेली.

टपालाचा पाठ प्रत्यक्षात कसा चाले, हे जवळून पाहिले की दुसऱ्या शिक्षकाचाही चेहरा दिसू लागतो. लिफाफ्यात छापील धडा असे, सोबत प्रश्नांचा कागद. मुलाने उत्तरे लिहायची, चित्र असल्यास रंगवायचे आणि कागद परत धाडायचा. मग तपासलेली उत्तरे, शाबासकीचे दोन शब्द आणि पुढचा धडा यायचा. पण आठ वर्षांचे मूल ‘संस्कार म्हणजे काय’ हा प्रश्न एकटे बसून सोडवत नाही. चुलीपाशी, दिवसभराची कामे उरकल्यावर त्याच्याशेजारी आई बसत असे. पुष्कळ घरांत त्या आईचेही धर्मशिक्षण जेमतेम झालेले असे, आणि मुलाचा धडा वाचता वाचता ती स्वतः शिकत असे. पाठ तयार करणारी सिस्टर आणि पाठ बसवून घेणारी आई असे दोन शिक्षक मिळून हा वर्ग पूर्ण होई. पाठ तयार करणारीला त्या चुलीची, त्या थकव्याची आणि त्या जेमतेम वाचनाची कल्पना असेल, तरच धडा त्या घरात उतरत असे. पार्श्वभूमी महत्त्वाची होती ती इथे.

याच काळात चर्चचे मोठे आवाजही हवेतून फिरू लागले होते, आणि तुलनेसाठी तेही लक्षात घेतले पाहिजेत. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस लॅटिनमध्ये बोलले आणि पोपचा आवाज प्रथमच एकाच क्षणी जगभर ऐकू गेला. अमेरिकेत फुल्टन शीन यांनी १९३०पासून ‘द कॅथलिक अवर’ या रेडिओ कार्यक्रमातून आणि १९५२पासून दूरचित्रवाणीवरून लाखोंना धर्म समजावून सांगितला. शीन यांनी लुवाँ येथे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली होती, आणि विषय सोपा करून सांगण्यात त्यांच्या तोडीचा वक्ता क्वचितच सापडेल. मग माझे म्हणणे खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. शीन यांचे काम थोर होते, पण ते प्रवचन होते. ऐकणाऱ्याला स्वाध्याय नव्हता, त्याची चूक दुरुस्त करणारे कुणी नव्हते, आणि आज ऐकलेले उद्याच्या धड्याला जोडून घेण्याची सोय नव्हती. लोक त्यांना हजारो पत्रे लिहीत. पण पत्र येणे वेगळे आणि विद्यार्थ्याने कालच्याहून आज एक पायरी वर चढणे वेगळे. आवाज दूर नेण्यासाठी प्रतिभावान वक्ता पुरतो. धडा दूर नेण्यासाठी पलीकडच्या टोकालाही शिक्षक लागतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कोलंबियात. बोयाका प्रांतातल्या सुतातेन्सा या डोंगरी गावात १९४७ साली फादर होसे होआकीन साल्सेदो नावाचे सव्विशीतले साहाय्यक धर्मगुरू आले. तेही बोयाकाचेच, कोर्रालेस गावचे. आजूबाजूचे शेतकरी डोंगरउतारांवर विखुरलेले आणि बहुसंख्य निरक्षर. साल्सेदो यांचे भाऊ येशूसंघीय धर्मगुरू होते. त्यांच्या मदतीने एक छोटा प्रक्षेपक तयार झाला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गावातूनच पहिले प्रक्षेपण झाले. पुढे ‘आक्सिओन कुल्तुराल पोपुलार’ या नावाने संस्था उभी राहिली, युनेस्कोने तिची दखल घेतली आणि रेडिओ सुतातेन्सा लॅटिन अमेरिकेतील सर्वांत मोठा शैक्षणिक रेडिओ बनला. अभ्यासक्रमाचे पाच भाग होते: अक्षर, अंक, आरोग्य, अर्थ आणि श्रम, आणि अध्यात्म. धर्म यात शेवटचा होता, पण तो वेगळा काढलेला नव्हता. पाणी उकळून स्वच्छ करणे, खताचा खड्डा करणे आणि प्रार्थना करणे हे एकाच माणसाच्या प्रतिष्ठेचे भाग आहेत, अशी त्यामागची धारणा होती.

त्या वर्गात डोकावून पाहिले पाहिजे. वीज नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा रेडिओ शेतकऱ्याच्या घरातल्या फळीवर ठेवलेला. भिंतीला फळा आणि अक्षरांचे तक्ते. बाकावर किंवा जमिनीवर घरची आणि शेजारची आठ-दहा माणसे, त्यांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. ठरल्या वेळी आवाज सुरू होतो, धडा सांगतो आणि मध्ये थांबतो. त्या थांबलेल्या क्षणी फळ्यापाशी उभी असलेली व्यक्ती अक्षरावर छडी ठेवते, ते लिहून दाखवते, कुणाचा हात धरून ते गिरवून घेते. तिला तिथे ‘आउक्सिलियार’ म्हणत, म्हणजे साहाय्यक. पात्रता एवढीच, की तिला वाचता-लिहिता येत असावे आणि शेजाऱ्यांचा तिच्यावर विश्वास असावा. ही व्यक्ती अनेकदा घरातली शिकलेली मुलगी असे, कधी थोडी शाळा पाहिलेला शेतकरी. तिला पगार नव्हता. स्टुडिओतला प्राध्यापक कितीही तयारीचा असला तरी फळ्यापाशी उभे राहणारे माणूस नसेल तर तो वर्ग भरतच नसे. संस्थेने हे ओळखले होते. १९५०च्या दशकात सुतातेन्सात शेतकरी तरुण-तरुणींसाठी स्वतंत्र संस्था निघाल्या. त्यांत खेड्यांतून निवडलेली मुले काही महिने शिकून परत आपापल्या भागात वर्ग उभे करायला जात. म्हणजे शिक्षक मिळवण्यासाठीही संस्थेला त्याच डोंगरात यावे लागले.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. सुतातेन्साचे सुरुवातीचे रेडिओ त्याच एका केंद्राला बांधलेले असत. ते विकणे आणि वाटणे धर्मग्रामाच्या यंत्रणेतून होई. १९४८नंतर कोलंबिया यादवीने होरपळत असताना शेतकऱ्यांना साम्यवादापासून दूर ठेवण्याचे साधन म्हणूनही चर्च आणि सत्ताधारी या कामाकडे पाहत होते. धर्मगुरू आणि समाजशास्त्रज्ञ कामिलो तोर्रेस यांनी १९६१ साली या रेडिओ-शाळांचा अभ्यास सहलेखनातून प्रसिद्ध केला. पुढे हेच तोर्रेस गनिमांना जाऊन मिळाले. त्यांना भेडसावणारा प्रश्न खरा होता: जमीन कुणाची, हे न विचारता अक्षरे शिकवली तर काय साधते? मी हा आक्षेप मान्य करतो. रचना वरून नियंत्रित होती यात वाद नाही. पण नियंत्रणाचा हेतू आणि शिकवण्याचा परिणाम एकच नसतो. साल्सेदो यांनी कुटुंबाच्या आकाराबाबत जबाबदारीने विचार करण्याचा विषय रेडिओवर आणला, तेव्हा त्यांचे बिशपांशी तीव्र मतभेद झाले. शेतकऱ्यांच्या घरातली उपासमार आणि बाळंतपणे ज्यांनी जवळून पाहिली होती, त्यांना तो विषय गाळता आला नाही.

ब्राझीलमध्ये ही प्रक्रिया आणखी पुढे गेली. नाताल धर्मप्रांतातले बिशप एउजेनियो सालेस हे ईशान्येकडच्या दुष्काळी भागातले. सुतातेन्साचा धडा घेऊन त्यांनी १९५८ साली ग्रामीण शिक्षणाचे रेडिओ केंद्र सुरू केले. १९६१ साली बिशप परिषद आणि सरकार यांच्या करारातून मूलभूत शिक्षणाची देशव्यापी चळवळ निघाली. तिचे कार्यकर्ते मुख्यतः कॅथलिक विद्यार्थी संघटनांतून आलेले सामान्य श्रद्धावंत तरुण होते, आणि गावातले वर्ग गावातलेच ‘मोनितोर’ चालवत. या माणसांच्या हातात धडा गेला आणि धड्याचा सूर बदलला. १९६४च्या फेब्रुवारीत रिओच्या पोलिसांनी या चळवळीचे वाचनपुस्तक जप्त केले. त्याचे नावच ‘जगणे म्हणजे झुंजणे’ अशा अर्थाचे होते. थोड्याच आठवड्यांत लष्करी उठाव झाला. धर्मशिक्षणासाठी उभारलेली यंत्रणा सत्तेला धोकादायक का वाटली? फळ्यापाशी उभा असलेला माणूस वर्गातल्यांच्याच उन्हात काम करत होता म्हणून. शिक्षकाच्या पार्श्वभूमीने आशय बदलतो, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप धर्मज्ञानाच्या शुद्धतेचा आहे. जेमतेम वाचता येणाऱ्या साहाय्यकाच्या हाती श्रद्धेचा आशय सोपवणे धोक्याचे नाही का? विचार करण्याजोगा प्रश्न आहे, पण या प्रयोगांनी त्याचे उत्तर कामाच्या वाटणीतून दिले होते. मजकूर धर्मशास्त्र जाणणारे लिहीत, आवाज प्रशिक्षित प्राध्यापकाचा असे आणि साहाय्यक तो धडा शिकणाऱ्याच्या गतीशी जुळवून घेई. स्पेनच्या कॅनरी बेटांवर १९६५ साली येशूसंघीय फादर फ्रान्सिस्को व्हियेन यांनी सुरू केलेल्या रेडिओ एक्काने हीच त्रयी नेमकी केली: रेडिओवरचा वर्ग, हातात छापील आराखडा आणि आठवड्याला भेटणारा शिक्षक. सुतातेन्साचे जाळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आर्थिक ओझ्याने आणि मतभेदांनी कोलमडले, तरी एक्का टिकला. म्हणून एका संस्थेचा शेवट हा त्या पद्धतीचा पराभव मानता येत नाही. आणि ही गोष्ट कॅथलिक वर्तुळापुरतीही नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पश्चिम महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट चालवले, तेव्हाही नुसते ऐकण्यावर भिस्त नव्हती. गावातच गट जमवणारा आणि ऐकल्यानंतर चर्चा घडवणारा माणूस तिथे ठेवला होता. वेगळ्या देशात, वेगळ्या हेतूने केलेल्या प्रयोगाचा निष्कर्षही जवळपास तोच निघाला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. या जवळच्या शिक्षकांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता: शेतघरातल्या आया, डोंगरातल्या मुली, राखाडी पोशाखातल्या सिस्टर. त्यांच्या फुकटच्या किंवा अत्यल्प मोबदल्याच्या श्रमावर ही व्यवस्था चालली आणि इतिहासात नावे मात्र बहुधा धर्मगुरूंची राहिली. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. पण त्यातून निघतो तो या शिक्षकांचे मोल कमी होते असा निष्कर्ष नव्हे. उलट, ज्यांच्यावाचून वर्ग भरला नसता त्यांना शिक्षक म्हणून मोजलेच गेले नाही, ही चर्चच्या स्मृतीतली त्रुटी आहे आणि ती भरून काढणे हे इतिहास लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. सुतातेन्साच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह, शेतकऱ्यांच्या पत्रांसह, आज बोगोतात लुईस आंगेल आरांगो ग्रंथालयात जतन केलेला आहे. त्या पत्रांत या शिक्षकांचा माग लागतो, तो तिथेच शोधला पाहिजे.

आज धर्मशिक्षणाचे अभ्यासक्रम संगणकावर आले आहेत. बर्मिंगहॅमच्या मेरीव्हेल संस्थेसारख्या ठिकाणांनी टपालाच्या काळापासून प्रौढ श्रद्धावंतांना दूरशिक्षणाने तयार केले, तर अमेरिकेत डेटन विद्यापीठाचा आभासी वर्ग जगभरच्या धर्मशिक्षकांना जोडतो. शिकवणाऱ्यांकडे आता धर्मशास्त्राच्या पदव्या आहेत, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. अज्ञानाचे कौतुक करण्याचे काही कारण नाही. पण शंभर वर्षांचा हा इतिहास निवड समित्यांना आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो. या शिक्षकाने कोणाच्या अंतराचा अनुभव घेतला आहे? रात्रपाळी करून वर्गाला बसणाऱ्या परिचारिकेचे, परक्या देशात मुलांना आपल्या भाषेत प्रार्थना शिकवणाऱ्या आईचे, चर्चपासून दुरावलेल्या तरुणाचे जग त्याला ठाऊक आहे का? आणि पडद्याच्या या बाजूला, शिकणाऱ्याशेजारी बसणारे कुणी नेमले आहे का, त्याला शिकवले आहे का, त्याच्या कष्टाचा मोबदला ठरवला आहे का? डॉनेली, वॉलिस आणि साल्सेदो यांच्या कामाचा वारसा सांगायचा असेल, तर साधनांवर जेवढा खर्च होतो तेवढाच या दुसऱ्या शिक्षकाच्या निवडीवर, प्रशिक्षणावर आणि मानधनावर झाला पाहिजे. त्याच्याशिवाय धडा पोहोचल्याची नोंद होईल, शिकल्याची होणार नाही.